चालून दाखव

आमच्या आबांचं गंगावेशीत सायकलचं दुकान होतं आणि त्यांना स्वतःला मात्र वेड होतं चालण्याचं. दुकानापुढं भाड्याच्या सायकली रांगेनं उभ्या असत, पण आबा घरून दुकानात चालत, दुकानातून बाजारात चालत, आणि वडणग्याला पाहुण्यांकडं जायचं झालं तरी चालतच. गल्लीतले लोक चिडवायचे, आबा, तुमचाच तुमच्या सायकलींवर भरवसा न्हाय व्हय? आबा नुसते हसत आणि पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसत. खरं कारण गल्लीला माहीत होतं, आणि ते तोंडावर बोलून दाखवण्याइतकी आमची गल्ली वाईट नव्हती. कारण होती माझी अक्का. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला आणि थोडा आखूडही. दर पावलाला ती डावीकडं झुकायची. पोरीला चालती ठेवा, बसवून ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी त्याचा अर्थ परसात चार फेऱ्या मारू द्या असा घेतला असता. आबांनी खूणगाठ बांधली आणि पोरीला घेऊन नदीकाठ धरला. मी चालायला लागले तेव्हा हा रविवारचा नेम जुना झाला होता. मला कुणी विचारलं नाही, मला नुसतं सोबत नेलं.

रविवारी आमच्या घरात सगळ्यात आधी वरवंट्याचा आवाज यायचा. आई उजाडताच मटणाचा मसाला वाटायला बसायची. भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, कांदा यांचा वास अंथरुणापर्यंत यायचा आणि त्याच वासाला सोडून आम्हाला घराबाहेर पडावं लागायचं, याचा मला फार राग यायचा. आईनं तोवर आमची शिदोरी बांधलेली असायची: ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, एक मोठा कांदा आणि डब्यात घट्ट दही. ती स्वतः कधी आली नाही. तू बी चल की, असं आबा दर थोड्या दिवसांनी म्हणायचे आणि मग मटण कोण शिजवणार, तुमचा बा? असं ती विचारायची. आबांचे वडील वारून कितीतरी वर्षं झाली होती, त्यामुळे विषय तिथंच संपायचा. कोपऱ्यावर म्हशी उभ्या असत. तिथं समोर धार काढून दूध मिळायचं, पेल्यात वर फेस आणि पेला कोमट. अक्का दोन पेले प्यायची, आणि वर मला म्हणायची, तुझ्या वाटणीचं बी पितो, तू मटणासाठी पोट मोकळं ठेव. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, येतो, जातो, पितो. पुढं पुण्याला शिकायला गेले तेव्हा त्यावरून मला हसले, आणि मीही त्यांना त्यांच्या वाटीभर आमटीवरून हसून घेतलं.

शिवाजी पूल ओलांडला की डावीकडं उतरायचं. तिथून पंचगंगेच्या काठाकाठानं एक पायवाट आंबेवाडी, चिखली करत प्रयागाच्या संगमापर्यंत जायची. वाट म्हणजे काय, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नदी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. पाणी उपसायच्या मोटारींची घरघर, उसाच्या पाल्याची सळसळ आणि पाण्याकाठी कपडे आपटणाऱ्या बायकांचे धपाधप आवाज. मध्येच करंज, उंबर आणि जांभळीची एक दाट राई लागायची. तिथं शिरलं की ऊन एकदम थांबायचं, पायाखाली पाला मऊ लागायचा आणि अक्का चप्पल काढून हातात घ्यायची. मऊ जमिनीवर तिला चालायला बरं वाटायचं. आबांना झाडापाखरांतलं काही कळत नव्हतं. पांढऱ्या सगळ्या पाखरांना ते बगळा म्हणत आणि निळं दिसलं की नुसतं बघ बघ म्हणत. पण चालताना ते फार बोलायचे. घरात गप्प बसणारा माणूस नदीकाठी गेला की मोकळा व्हायचा, आजोबांच्या तालमीतल्या गोष्टी सांगायचा, एखादं गाणं म्हणायचा, तेही बेसूर. हिवाळ्यात वाटेवर गुऱ्हाळ चालू असायचं. काहिलीतला गरम गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून मिळायचा. तो खाऊन माझी जीभ दर वर्षी पोळायची आणि दर वर्षी मी पुन्हा तेच करायचे.

आता मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. आमच्या कॉलनीत फरशी घातलेला गोल रस्ता आहे, त्यावर मी घाण्याच्या बैलासारखी फिरते आणि मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. सुनेनं हौसेनं दिलं म्हणून घालते. आमची राई पुढं दोन महापुरांत निम्मी गेली आणि उरलेल्या जागेवर कुणाचं तरी फार्महाऊस झालं. मी एकदा मुद्दाम बघायला गेले, तर पहारेकऱ्यानं, कोण पायजे पावणं, असं विचारलं. मला कोण पाहिजे होतं ते त्याला काय सांगणार? चिडून परत आले. त्या दिवशी वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

तर मी सतरा-अठरा वर्षांची होते, त्या वेळी अक्का पंचविशी ओलांडून गेली होती. घरात शिलाई मशीनवर गल्लीच्या बायकांची पोलकी शिवायची, उजव्या पायानं पायटा मारत. हात असा साफ की ब्राह्मणपुरीतून बायका तिच्याकडं यायच्या. पण लग्न जमत नव्हतं. बघायला पाहुणे यायचे आणि त्या कार्यक्रमाला आमच्या घरात एक रीत पडली होती. पाहुणे यायच्या आधीच आई अक्काला नेसवून सजवून चटईवर बसवून ठेवायची, साडीचा घोळ पायांवरून नीट पसरायची आणि पोह्यांच्या बश्या मला द्यायला लावायची. स्थळ आणणाऱ्यानं पाहुण्यांना पायाबद्दल सांगितलेलं असायचं, पण जरासं, म्हणजे पाण्यात मीठ विरघळून जावं एवढंच. मग नाव विचारायचे, शिक्षण विचारायचे, स्वयंपाक येतोय का विचारायचे, आणि शेवटी कुणीतरी म्हातारं माणूस म्हणायचं, बाळ, जरा चालून दाखव. ते सगळ्याच मुलींना म्हणत. दुसऱ्या मुली लाजत चार पावलं चालायच्या आणि परत बसायच्या. अक्का उठायची, भिंतीपर्यंत जायची, परत यायची. तेवढ्यात पाहुण्यांची तोंडं बदललेली असायची. घरी जाऊन कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. आई आत जाऊन तोंडाला पदर लावायची. अक्का साडी सोडून, घडी घालून, पुन्हा मशीनवर बसायची आणि त्या दिवशी मशीन जरा जोरात चालायचं. मला त्या लोकांच्या पोह्यांत मिरच्या कालवाव्याशा वाटायच्या. एकदा कालवल्याही, पण ते पाहुणे आमच्यापेक्षा तिखट खाणारे निघाले.

पेठ वडगावचं स्थळ दौलूकाकांनी आणलं. दौलूकाका म्हणजे आबांचे जुने मित्र, लग्नं जमवायची त्यांना हौस. मुलगा विलास साखर कारखान्यात नोकरीला, घरचा ऊस, स्वभावानं गरीब. दौलूकाकांनी या वेळी पायाचं सगळं सांगितलं होतं म्हणे, तरी ते लोक येतो म्हणाले. आईनं अंबाबाईला नारळ बोलला. रविवारी सकाळी जीप भरून पाहुणे आले: विलास, त्याचे वडील, आई आणि एक मामा. मामा कधीकाळी तालमीत होते, हे त्यांनी दारातच सांगितलं. पोहे झाले, चहा झाला, ऊस-पाण्याच्या गप्पा झाल्या. विलास दिसायला बरा होता, मान खाली घालून बसला होता. त्याची आई अंगावर इरकली लुगडं, डोक्यावर पदर, दाराशेजारी टेकून बसलेली आणि एक अक्षर बोललेली नव्हती. मग मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि पोरीला जरा चालवून दावा की, असं ते म्हणाले.

आईनं माझा हात घट्ट धरला. अक्का उठायला लागली तेवढ्यात आबांनी तिला हातानं थांबवलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट गिऱ्हाइकाशी बोलतात तसा गोड होता.

"पावणं, खोलीत चार पावलं टाकून काय कळतंय? आज आईतवार. आमी बापलेकी नदीकडं चालायला जातोच. तुमी बी चला की. बघा मग काय बघायचं ते."

आमच्या भागात आग्रह मोडणं म्हणजे अपमान, आणि चालायला नको म्हणणं म्हणजे तर दम नाही असं कबूल करणं. मामा तालीमवाले, ते कसे नको म्हणतील? नदी म्हणजे समोरच असेल असं पाहुण्यांना वाटलं असणार. चला की, असं मामा म्हणाले आणि सगळे उठले. आईनं कपाळावर हात मारून घेतला आणि तरी घाईघाईनं शिदोरी बांधून माझ्या हातात दिली. अक्कानं आबांकडं बघितलं. मला वाटलं ती रडणार, पण तिच्या तोंडावर हसू होतं. बघायला आलेल्यांसमोर तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. तिनं नेसलेल्या साडीचा काठ कमरेला खोचला, म्हणजे पाय अगदी स्वच्छ दिसायला लागला, आणि ती पुढं झाली.

पूल ओलांडला तरी कुणी थांबेना म्हटल्यावर मामांनी अजून किती लांब हाय म्हणून विचारलं. आबा जवळच म्हणाले. आबांचं जवळच सगळ्या गंगावेशीला ठाऊक होतं. मामांच्या पायात करकर वाजणाऱ्या कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या, त्या आंबेवाडीच्या आधीच चावल्या. गुऱ्हाळ आलं तसे ते बाजेवर बसले आणि तुम्ही व्हा पुढं, मी जरा गुळाचं बघतो, असं म्हणाले. ते शेवटपर्यंत गुळाचंच बघत राहिले. मी अक्काच्या मागं तोंडात पदर कोंबून हसत होते. अक्का मात्र नेहमीच्या चालीनं चालली होती, डावीकडं झुकत, न थांबता. विलासनं दोन-तीनदा तिच्या पायाकडं बघितलं आणि मग तो आबांना म्हणाला की मला पायाचं काय वाटत न्हाय, घरात गडीमाणसं हायत, जड काम पडायचं न्हाय. तो हे चांगल्या मनानं म्हणाला. माणूस वाईट नव्हता, हे मी आज इतक्या वर्षांनीही सांगते.

राईच्या पलीकडं एक ओढा नदीला मिळायचा. दिवाळीनंतर त्यात गुडघ्याच्या आतच पाणी, पण दगड शेवाळलेले असत. विलास आणि त्याचे वडील उड्या टाकत पलीकडं गेले आणि कारखान्याचं काहीतरी बोलत तसेच वाटेला लागले. आबा त्यांच्याबरोबर, कारण यजमान. मी मधल्या दगडावर होते. विलासची आई अलीकडच्या काठावर उभी राहिली. एका हातात चपला, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलेलं. एक पाऊल टाकलं, दगड हलला, परत मागं घेतलं. तिनं हाक मारली नाही. पुढच्यांनी वळून बघितलं नाही. बोलत बोलत ते करंजाच्या आड गेलेसुद्धा. मला वाटलं कुणीतरी आता परत येईल. अक्का पलीकडं पोचलेली होती. ती वळली, पाण्यात उतरली आणि एवढा ओढा त्या पायानं परत ओलांडून गेली. मावशी, माझ्या खांद्यावर हात ठेवा, असं म्हणाली. मग दोघी आल्या, हळूहळू, उजवा पाय आधी, मग डावा. पलीकडं आल्यावर त्या बाईनं लुगड्याच्या पदरानं अक्काचे पाय पुसायला घेतले आणि अक्कानं ते करू दिलं नाही. नंतर त्या दोघी मागून बोलत येत होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही आणि अक्कानंही कधी सांगितलं नाही.

संगमावर भाकरी खाल्ली. खर्डा सगळ्यांना आवडला. येताना चिखलीहून एक टेम्पो मिळाला, त्यात गुऱ्हाळावरून मामांना उचलून घेतलं. बुधवारी दौलूकाका दुकानात पळतच आले. पसंत आहे म्हणून निरोप होता. देण्याघेण्याचं काही नाही, हाय तशी पसंत. आबांनी दुकान उघडं टाकून घरी धाव घेतली. आईनं देवापुढं साखर ठेवली, माझ्या तोंडात कोंबली, शेजारणीला हाक मारली. मला आठवतंय, आबा उंबऱ्यावरच बसले आणि टोपी काढून डोळे पुसायला लागले. एवढ्या वर्षांचा घोर होता तो. आणि मशीन थांबलं. अक्का म्हणाली, "आबा, मला न्हाय करायचं."

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती जे बोलली ते इथं लिहीत नाही. सोन्यासारखी सोयरीक, पायासकट पत्करलीय, आणखी काय राजपुत्र येणार व्हय, आमचे डोळे मिटल्यावर कोण बघणार, वगैरे. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. आबांनी फक्त एवढंच विचारलं की का.

"ते माझं चालणं बघायला आलते, मी त्येंचं बघितलं," अक्का म्हणाली. "आई वड्यात अडकून हुबी ऱ्हायली तर लेकानं मागं वळून बघितलं न्हाय. आबा, माझा पायच असा हाय. मी तर रोजच मागं ऱ्हाणार."

एवढं बोलून तिनं मशीन चालू केलं. आबा उंबऱ्यावर बसूनच राहिले. दुकानात पोरं येऊन सायकली परत लावून गेली असतील, कोण बघायला होतं. आईनं त्या क्षणापासून अक्काशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत सांगायची, आणि अक्का समोरच बसलेली असायची. मला दोघींचाही राग यायचा. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा अक्काचं पटलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी स्थळ मोडतं का, असं वाटायचं. माझं स्वतःचं लग्न होऊन बरीच वर्षं गेली, तेव्हा कुठं ती गोष्ट एवढीशी नव्हती हे माझ्या डोक्यात शिरलं. अक्काचं लग्न पुढं झालं, मुरगूडला, एका शिंप्याच्या घरी, आणि तिथं नवराबायको आजही वेदगंगेच्या काठानं फिरायला जातात, भांडत भांडत. पण ते पुढचं. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाच पुढचं काही दिसत नव्हतं.

मुलीकडच्यांनी नकार द्यायचा ही गोष्ट आमच्यात घडतच नसे. दौलूकाका म्हणाले, मी कुठल्या तोंडानं सांगू? आबा म्हणाले, तुम्ही नका सांगू, मी जातो. निरोपानं नकार धाडणं त्यांना भ्याडपणाचं वाटलं. पसंती देणाऱ्याला नाही म्हणायचं, तर त्याच्या दारात समोर उभं राहून म्हणायचं. रविवारी त्यांनी पांढरा नेहरू शर्ट घातला, टोपी झटकली आणि वडगावला गेले. तेवढ्यासाठी मात्र एसटीनं गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा रविवारी घरी होते, मसाल्याच्या वासात, आणि तो वास मला नको झाला होता.

आबा दुपार कलल्यावर परत आले. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, अक्का कोपऱ्यात मेथी निवडत होती. आबांनी पाय धुतले, पाटावर बसले आणि मग आपणहून सांगायला लागले. विलासचे वडील भडकले. लंगडी पोरगी तुमची आन् नकार आमाला व्हय, असं ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. आबांनी ऐकून घेतलं, हात जोडले आणि निघाले. स्टँडच्या वाटेला लागले तर मागून कुणीतरी अहो भाऊ, अहो भाऊ म्हणत येत होतं. विलासची आई. मागच्या दारानं, परड्यातून आलेली, पायात चप्पलसुद्धा नाही. तिला दम लागला होता म्हणून आबा तिच्यासाठी थांबले.

"म्हणाली, पोरीला सांगा, बरं केलंस म्हणावं," आबा म्हणाले. "म्हणाली, माझा जल्म ह्यांच्या मागनं पळण्यात गेला. तिचा नगो जायाला."

मेथीच्या जुडीवर अक्काचे हात थांबले. आई आमच्याकडं पाठ करून बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्याला लावली, ती फुगली, तरी काढली नाही, जरा करपलीच. आमच्या घरात आबांच्या आधी कुणी ताट घेत नसे, आजवर घेतलं नव्हतं. आईनं ती भाकरी हातावर झटकली आणि चार दिवसांत पहिल्यांदा अक्काशी बोलली.

"ऊठ. तुझं ताट घे आदी."

अक्का जागची हलेना. मग आबाच पाटावरून थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली.